चौऱ्याण्णव टक्के

सहा वर्षांपूर्वी संघमित्रा खोब्रागडेनं एका कागदावर सही करून आपल्या सख्ख्या भावाच्या बावीस ‘सावल्या’ बंद केल्या. तेव्हापासून धम्मपाल तिच्याशी बोलत नव्हता.

सावली म्हणजे चंद्रपूरच्या वस्त्यांमधून उन्हाळ्यापुरती उभी राहणारी बांबूच्या तट्ट्यांची शेड. आत चार-पाच रांजण, ओले पडदे, दोन खाटा आणि त्याच गल्लीतल्या दोन बाया. दुपारी बारा वाजले की त्या बाया दारोदार फिरायच्या. कोण निपचित पडलंय, कोण उगाच बडबडतंय ते बघायच्या आणि त्याला उचलून सावलीत आणायच्या. धम्मपाल आयटीआयमध्ये वीजकाम शिकवायचा, पण एप्रिल लागला की त्याचा जीव या शेडमध्येच असायचा.

मग ‘अनुमान’ आलं.

ही संगणक प्रणाली येणाऱ्या दिवसाच्या दहा हजार प्रती तयार करायची. एका प्रतीत वारा पडलेला, दुसरीत ढग आलेले, तिसरीत लग्नाची तिथी म्हणून रस्ते भरलेले. दिव्याच्या खांबांवरचे तापमापक, दवाखान्यांतल्या नोंदी, मदतीसाठी आलेले फोन, हे सगळं ती गिळायची. मग गारगाड्या कुठं उभ्या करायच्या याचा प्रत्येक आराखडा त्या दहा हजार दिवसांत चालवून पाहायची आणि सरासरीनं सर्वांत कमी माणसं ज्यात मरतील तो आराखडा पुढे ठेवायची. गारगाडी म्हणजे बॅटरीवर चालणारा, आतून थंड ठेवलेला फिरता दवाखाना. जिल्ह्याच्या ताब्यात अशा चाळीस होत्या.

पहिल्याच उन्हाळ्यात मृत्यू निम्म्यावर आले, दुसऱ्यात आणखी खाली. मग शेडची, रांजणांची गरज काय? उष्मा-नियोजन कक्षाची प्रमुख म्हणून संघमित्रानंच तसा प्रस्ताव लिहिला होता. तिच्या पदाचं नाव ‘व्यूहरचनाकार’ होतं. ऐकणाऱ्याला युद्धावरचं काम वाटावं असं. प्रत्यक्षात त्यानंतरची सहा वर्षं तिनं रोज सकाळी पडद्यावरचा आराखडा वाचला आणि खाली अंगठा टेकवला. या कामानंही माणूस थकतो, हे तिला पंचावन्नाव्या वर्षी कळत होतं.

त्या मे महिन्याच्या एकोणीस तारखेला निखतनं आराखडा समोर ठेवला. निखत शेख कक्षात डेटा बघणारी विदातज्ज्ञ, तिशीतली, नेमकं बोलणारी.

“परवाचा दिवस वाईट आहे, मॅडम. चाळीसच्या चाळीस गाड्या शहराच्या पूर्वेला. रमानगर, स्टेशनमागचा भाग आणि मिल चाळ. खात्री चौऱ्याण्णव टक्के.”

“आणि कोळसा टोली?”

“धोका नगण्य.”

टोली शहराच्या पश्चिमेला, एका बंद पडलेल्या खुल्या खाणीच्या काठावर होती. सहाशे घरं, पत्र्याची.

“नगण्य कसा काय?”

निखतनं नोंदी उघडल्या. “दोन उन्हाळ्यांत तिथून मदतीसाठी एकही फोन नाही.”

“एकही?”

“शून्य.”

अंगठा टेकवायला पुढे केलेला हात संघमित्रानं मागे घेतला. सहाशे घरांत, दोन मे महिन्यांत, एकालाही भोवळ आली नाही? तिनं खणातून जुना काचेचा तापमापक काढला आणि गाडी मागवली.

टोलीत पोचली तेव्हा दहा वाजत होते. खाणीच्या खड्ड्यात वर्षानुवर्षांचं पाणी साचून तळं झालं होतं आणि हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर पडत होती. एका दारात चंद्रभागा आत्राम नावाची साठीची बाई तांदूळ निवडत बसली होती. संघमित्रानं ओळख सांगितली. बाईनं पाणी दिलं, पण तिच्या चेहऱ्यावर कसलंच कुतूहल नव्हतं.

“तुमच्याकडून गाडीसाठी फोन येत नाही, मावशी. इथं कोणाला ऊन लागत नाही का?”

“लागते ना. पयल्या सालात आमी नऊ डाव फोन केला जी. गाडी ये दोन-दोन तासानं. एकदा तं तिसऱ्या दिवशी आली.” चंद्रभागानं सूप झटकलं. “मंग कायले करा फोन?”

“गेल्या वर्षी कोणी गेलं?”

“तिघं. माया दीर गेला, तिकडची दोघं गेली. म्हातारे होते म्हनून लिवलं. गावाकडं नेऊन मूठमाती देली.”

संघमित्रानं तापमापकाच्या बोंडाला ओलं फडकं गुंडाळलं आणि तो दाराच्या सावलीत टांगला. असा तापमापक घामानं भिजलेल्या माणसासारखा वागतो. हवा कोरडी असली की फडक्यातलं पाणी उडून जातं आणि पारा उतरतो. म्हणून चंद्रपूरच्या सत्तेचाळीस अंशांच्या कोरड्या झळांमध्येही तो पंचविशीच्या आसपास राहतो आणि माणूस तगतो. पण हवेत आधीच ओल असली तर घाम उडत नाही, अंगातली आग अंगातच कोंडते. हा ओला पारा पस्तिशीकडे गेला, तर सावलीत बसलेला, पाणी प्यायलेला धडधाकट माणूसही काही तासांत कोसळतो. म्हातारी माणसं त्याच्या कितीतरी आधी.

पारा एकतीसवर थांबला होता. सकाळी दहा वाजता. सर्वांत जवळचा खांबावरचा मापक दोन किलोमीटरवर, महामार्गाच्या कोरड्या बाजूला होता.

कक्षात परतल्यावर तिनं निखतला सगळं सांगितलं. निखतनं टोलीच्या सहा वर्षांच्या नोंदी पडद्यावर ओळीनं लावल्या.

“म्हणजे गाडी उशिरा आली म्हणून फोन बंद झाले. फोन बंद झाले म्हणून धोका कमी दिसला. धोका कमी दिसला म्हणून गाडी आणखी लांब गेली.” ती सावकाश म्हणाली. “आणि वस्ती गप्प झाली, ती आपण सुखरूप धरली.”

“तिथं ‘माहीत नाही’ असं भर आणि पुन्हा चालव.”

“तशी सोय नाही, मॅडम. त्याला आकडा लागतो.”

“मग हे चौऱ्याण्णव टक्के कशाचे?”

“त्याला जे माहीत आहे, त्याचे.”

संघमित्रा खुर्चीत मागे रेलली. नोकरीच्या सुरुवातीला तिचे वरिष्ठ कुठलाही आराखडा समोर आला की एकच विचारायचे: आपण चुकलो तर काय होईल? सर्वांत चांगला बेत शोधू नका. जो बेत कुठल्याही दिवसात पार बुडवणार नाही, तो शोधा. त्यासाठी थोडं हाताशी राखून ठेवावं लागतं. राखलेलं वाया गेल्यासारखं दिसतं, हिशेबात ते कधीच शोभत नाही. ‘अनुमान’ आल्यापासून राखीव हा शब्दच कक्षातून गेला होता.

तिनं ठरवलं. तीस गाड्या पूर्वेला, सहा टोलीत, चार राखीव.

जिल्हाधिकारी फोनवर सौम्यपणे बोलले, पण शब्द मोजून. “प्रणाली म्हणते, असं केलं तर पूर्वेला मृत्यू वाढतील. तुमच्याकडे याहून चांगला अंदाज आहे?”

“नाही, सर. माझ्याकडे फक्त शंका आहे.”

“मग लेखी द्या.”

तिनं लेखी दिलं: प्रणालीच्या सल्ल्याविरुद्ध, माझ्या जबाबदारीवर.

सहा गाड्या सहाशे घरांना पुरणार नव्हत्या. म्हणून संध्याकाळी ती धम्मपालकडे गेली. तो अंगणात एका कूलरची मोटर उघडून बसला होता. आता निवृत्त झालेला, खांदे उतरलेले. त्यानं वर बघितलं आणि पुन्हा मोटरीत डोकं घातलं.

“दादा, परवा टोलीत माणसं मरतील. सावल्या उभ्या करायच्या आहेत.”

त्यानं पाना फिरवून एक बोल्ट काढला.

“तुझ्या यंत्राला आता बाया लागते का?”

“मला लागतात.”

“सहा वर्षं झाली, मित्रा. शांता गेली. कमलचे गुडघे गेले. पोरींना वाटते, गाडी येतेच, आपन काहून फिरा उन्हात? रांजण लोकांनी झाडं लावायला नेले.” तो थकलेल्या आवाजात म्हणाला. “एक गोष्ट बंद कराले एक सही पुरते. चालू कराले काय लागते, माहीत आहे?”

“तेव्हा मी चुकले.”

“तेव्हा नाही चुकली तू,” तो म्हणाला, आणि तिला हे अपेक्षित नव्हतं. “माणसं कमी मेली ना? मीबी पाहिलं ते. पण तू दुसरं सगळं मोडलं. एकाच खुंटीवर सगळं टांगलं.”

आतून वहिनीनं चहा आणला. दोघांनी तो प्यायला. मग धम्मपालनं हात पुसले आणि फोन हातात घेतला. “बावीस नाही होनार. सात झाल्या तं झाल्या.”

सात झाल्या. पाच टोलीत, दोन पूर्वेकडे, जिथं जुन्या बाया अजून होत्या. चंद्रभागानं आपलं दार उघडं टाकलं आणि आठवी सावली तिच्या पडवीत झाली.

एकवीस तारीख उजाडली ती कुंद. पहाटेचा वारा पडला, तो उठलाच नाही. टोलीत चार्जिंगची सोय नव्हती, म्हणून सहा गाड्या सकाळीच पूर्ण भरून पाठवल्या. चार राखीव नुसत्या उभ्याच होत्या, म्हणून त्याही भरून घेतल्या. यात कसलंही शहाणपण नव्हतं. तसं घडलं एवढंच.

बारानंतर फोन सुरू झाले. ‘अनुमान’ बरोबर होतं. पूर्वेकडून फोनांवर फोन येत होते आणि तीस गाड्या अपुऱ्या पडत होत्या. बारा पन्नासला रमानगरातून एका बाईचा फोन आला. वडील बडबडतायत, अंग तव्यासारखं तापलंय, घाम थांबलाय.

निखतनं मान वळवली. “एक राखीव पाठवू?”

संघमित्रानं नकाशा पाहिला. पंचवीस नंबरची गाडी तिथून दोन वस्त्या पलीकडे होती. “पंचवीसला सांग. वीस मिनिटांत पोचेल.”

“मॅडम, राखीव चार उभ्या आहेत.”

“म्हणूनच. थांब.”

पंचवीस नंबरला वाटेत दोन बेशुद्ध माणसं लागली. ती उचलण्यात वेळ गेला. सव्वाला त्याच नंबरवरून परत फोन आला, आणि निखतनं तो ऐकून हलकेच खाली ठेवला.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी वीज गेली.

एका शहराची नव्हे, अकरा जिल्ह्यांची. कारण नंतर उलगडलं. अकराही जिल्ह्यांत हेच ‘अनुमान’ होतं आणि त्यानं अकरा जणांना एकच सल्ला दिला होता: उन्हाचा कळस तीनला आहे, तेव्हा एक ते दोनमध्ये गाड्या पुन्हा भरून घ्या आणि निवारा-दालनं थंड करून ठेवा. प्रत्येक जिल्ह्यापुरता तो सल्ला अचूक होता. पण इतर दहा जण त्याच घटकेला तेच करतील, हे कोणत्याही प्रतीत धरलेलं नव्हतं. प्रत्येकानं एकेकच पोतं टाकावं आणि बंडीचा आस मोडावा, तसं विजेचं जाळं बसलं.

पूर्वेच्या तीस गाड्या चार्जरला लागायच्या बेतात होत्या. पाऊण तासात त्यांचा गारवा संपला. मोबाइलचे मनोरे एकेक करून मिटले आणि कक्षात येणारे फोन थांबले. बॅटरीवर चाललेल्या पडद्यावर ‘अनुमान’चा नकाशा हळूहळू हिरवा होत गेला. फोन नाही, म्हणजे धोका नाही. निखतनं पडद्याकडे पाठ केली.

“राखीव कुठं पाठवायच्या?” तिनं विचारलं.

संघमित्राच्या हाताशी चार भरलेल्या गाड्या, आणि कुठं काय चाललंय याचा पत्ता नाही.

पंधरा मिनिटांनी धम्मपाल मोटारसायकलवरून आला. डोक्याला ओला टॉवेल, हातात चुरगळलेला कागद. बायांनी दारोदार फिरून सांगितलेली घरं त्यावर होती. मिल चाळ, तिसरी ओळ, चार माणसं. स्टेशनमागं, पिंपळाजवळ, बाळंतीण. “लौकर,” तो म्हणाला. “दुसरा कागद घेऊन कमलचा जावई येऊन राहिला.” त्या कागदांवर चार गाड्या अडीच तास फिरल्या. टोलीत सावल्यांमध्ये ओल्या चादरी बदलत बाया बसून राहिल्या. ज्यांची शुद्ध हरपली होती ते सहा गाड्यांमध्ये, बाकीचे रांजणांपाशी.

पाच वाजता वीज आली. शहरात एकोणीस माणसं गेली, टोलीत दोन. शेजारच्या जिल्ह्यांचे आकडे यायला लागले तेव्हा कक्षातलं कोणी मोठ्यानं वाचलं नाही.

महिनाभरानं चौकशी झाली. तिघांची समिती, टेबलावर गार पाणी.

“गाड्या मागे ठेवताना तुम्हाला किती टक्के खात्री होती?” अध्यक्षांनी विचारलं.

“खात्री नव्हती.”

“अंदाजे तरी?”

“अंदाज असता तर प्रणालीला भरवला असता, सर. तो नव्हता, म्हणून गाड्या ठेवल्या.”

एका सदस्यानं कागद पुढे सरकवला. प्रणालीनं नंतर केलेलं गणित होतं. चाळीसच्या चाळीस गाड्या ठरल्या जागी असत्या, तर ज्यांच्यासाठी बारा पन्नासला फोन आला होता, त्या गोविंदा ताजने यांच्या घरापासून एकतीस नंबरची गाडी एकशे वीस मीटरवर असती. एकोणीसांतला हा एक मृत्यू टळला असता, हे प्रणाली ठामपणे सांगत होती. टोलीत कोण कोण वाचलं, याची यादी मात्र कोणाकडेच नव्हती. जी माणसं त्या दिवशी मेली नाहीत ती दुसऱ्या दिवशी उठून कामाला गेली. त्यांची नावं कोण लिहिणार?

अहवाल आला: निर्णय नियमबाह्य, परिणाम समाधानकारक. ‘अनुमान’मध्ये ‘माहीत नाही’ असा रकाना घालायचं काम निखतकडे आलं. ती वैतागून म्हणाली, की या एका रकान्यानं सगळे टक्के साठीवर घसरतात आणि वरच्यांना ते बघवत नाही. संघमित्रानं तिला, टक्के साठवरच राहू दे, एवढंच सांगितलं.

मग एका रविवारी ती रमानगरला गेली. धम्मपाल म्हणाला होता, मी येतो. ती नको म्हणाली.

दार सरला ताजनेनं उघडलं. चाळिशीची, शिवणकाम करणारी. मशीनवर अर्धं झालेलं पोलकं होतं. भिंतीवर वडिलांचा फोटो, अजून हार ताजा. संघमित्रानं नाव सांगितलं, पद सांगितलं.

“आधी तुमच्याकडचे दोघं येऊन गेले,” सरला म्हणाली. “काही करता आलं नसतं म्हणाले.”

“करता आलं असतं.”

सरलाचा हात मशीनच्या चाकावर थांबला.

“तुमचा फोन आला तेव्हा चार गाड्या मोकळ्या होत्या. विचारलंही होतं मला, पाठवू का म्हणून. मी थांब म्हणाले.”

“कोणासाठी ठेवल्या होत्या?”

“माहीत नव्हतं.”

सरला रडली नाही. तिनं पोलक्यातली सुई काढली, उशीत खोचली, आणि मग ताडकन म्हणाली, “हे सांगून तुमचं हलकं होईल. माझं काय?”

“हलकं होत नाही.”

“मी माफ करणार नाही, मॅडम. स्पष्ट सांगते.”

“त्यासाठी नाही आले मी.”

“मग कशाला आलात?”

संघमित्राला वाटलं होतं तितकं हे विचारणं सोपं नव्हतं. तिनं पर्समधून वही काढली. “या गल्लीत असं कोण आहे, जे पडलं तरी फोन करणार नाही? आमच्याकडे ते नाही. तुम्हाला ठाऊक असेल.”

सरलाच्या डोळ्यांतला राग तसाच होता, जराही उतरला नव्हता. ती उठली, दारापर्यंत गेली. संघमित्राला वाटलं, आता ही बाहेर जा म्हणेल, आणि तीही पर्स उचलून उठली.

सरलानं चपला पायात सरकवल्या.

“समोर कौलाच्या घरात एक आजी आहे. तिला ऐकू येत नाही. मुलगा ट्रकवर असतो, महिन्यातून दोनदा येतो,” ती उन्हात उतरत, मागे न बघता म्हणाली. “लिहून घ्या. मग पुढचं दार.”